शिक्षेचा जमाखर्च



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या आयुष्याची उमेद सांगली आणि सातारा येथील फौजदारी न्यायालयांत खर्ची घातली. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ त्यांच्या रोजच्या परिचयातल्या एका प्रसंगापासून करणेच उचित होईल. खटल्याची सुनावणी संपलेली असते, साक्षीपुरावा तपासून झालेला असतो, आरोपी दोषी ठरल्याचे न्यायाधीश जाहीर करतात, आणि मग कायद्याने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे, शिक्षेच्या प्रमाणाविषयी तुला काय सांगावयाचे आहे, असे त्यास विचारतात. तो हात जोडून सांगतो, की घरी म्हातारे आईबाप आहेत, पोरे लहान आहेत, कमावता मी एकटाच आहे, साहेबांनी दया करावी. सरकारी वकील उठून सांगतात, की गुन्हा गंभीर आहे, समाजास जरब बसली पाहिजे, कायद्यात असेल ती कमाल शिक्षा व्हावी. निकालपत्रात ‘उभय पक्षांचे म्हणणे ऐकले’ असे एक वाक्य पडते आणि त्याखाली तीन, पाच किंवा सात वर्षे असा एक आकडा उमटतो. ज्या निकालपत्रात आरोपीने कुऱ्हाड उजव्या हाताने उगारली की डाव्या, याची चर्चा चार पाने चालते, त्याच निकालपत्रात या आकड्याच्या वाट्याला पुष्कळदा अर्धे पानही येत नाही.

हा आकडा येतो कोठून, आणि त्याचा खर्च पडतो कोणाच्या खात्यावर, हे दोन प्रश्न आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहेत. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. आपला दंडविधान कायदा बहुतेक गुन्ह्यांना शिक्षेची वरची मर्यादा तेवढी सांगतो. ‘सात वर्षांपर्यंत’ या शब्दांत एक दिवसही बसतो आणि सात वर्षेही बसतात, आणि या विस्तीर्ण पटांगणात न्यायाधीशाने कोठे उभे राहावे, हे सांगणारे मार्गदर्शक नियम आपल्याकडे नाहीत. न्यायमूर्ती मळीमठ यांच्या समितीने 2003 साली असे नियम करण्याची शिफारस केली, सर्वोच्च न्यायालयानेही 2008 साली त्यांच्या अभावाकडे बोट दाखवले. तथापि पटांगण आहे तसेच मोकळे आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र आपल्या कायदेपंडितांचे लक्ष फारसे गेलेले नाही, आणि तो प्रश्न अर्थशास्त्राचा आहे.

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1968 साली गुन्हा आणि शिक्षा यांच्यावर एक निबंध लिहिला. बेकारिया या मिलानच्या विचारवंताने 1764 साली आणि त्याच्यामागून इंग्लंडात बेंथमने जी वाट पाडली होती, तीच बेकर यांनी गणिताच्या फरशीने बांधून काढली. त्यांचे म्हणणे असे, की गुन्ह्यामुळे समाजाचे जे नुकसान होते, त्यात गुन्हेगारास पकडण्याचा व दोषी ठरविण्याचा खर्च मिळवावा, त्यात शिक्षा अंमलात आणण्याचा खर्च मिळवावा, आणि या तिहींची बेरीज कमीत कमी होईल अशी शिक्षा निवडावी. शिक्षेची धास्ती ही दोन गोष्टींच्या गुणाकारातून निपजते, एक पकडले जाण्याचा संभव आणि दुसरी शिक्षेची कठोरता. म्हणून शंभरांतून एकाला पकडून वीस वर्षे कोंडावे की विसांना पकडून एकेक वर्ष कोंडावे, हा प्रश्न कागदावर तरी हिशेबाचा ठरतो. त्यातून बेकर ज्या निष्कर्षास आले तो आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. दंडाची रक्कम एका खिशातून निघून दुसऱ्या खिशात जाते, समाजाच्या एकूण संपत्तीत तिने घट होत नाही. तुरुंगवास मात्र कैद्याचे श्रम बुडवितो आणि त्याला कोंडून ठेवण्यासाठी सरकारी खजिना रिकामा करतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी तूट. तेव्हा जेथे दंडाने काम भागते तेथे तुरुंग वापरणे ही निव्वळ उधळपट्टी होय.

या विचाराला आपल्याकडे पहिला आक्षेप येतो तो असा, की गुन्हेगार असला हिशेब करीत नाही. आक्षेप अर्धा खरा आहे. जत किंवा कवठेमहांकाळ भागात भावकीचा बांधावरून तंटा पेटतो, कोणी नांगर चार बोटे आत घातला म्हणून शब्दाला शब्द लागतो, आणि ज्या क्षणी कुऱ्हाड उचलली जाते त्या क्षणी कमाल शिक्षा सात वर्षांची आहे की दहा वर्षांची, हे उचलणाऱ्याच्या मनात येत नाही. परंतु पतसंस्थेच्या ठेवी नातलगांच्या नावे कर्जाऊ काढून हडपणारा संचालक हा हिशेबाखेरीज दुसरे काहीच करीत नसतो. बेकर यांचे शास्त्र त्याला अंगच्या कपड्यासारखे बसते. आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने 1999 साली केलेल्या कायद्यात अशा माणसाची मालमत्ता जप्त करून ती ठेवीदारांकडे वळविण्याची जी तजवीज आहे, ती याच शहाणपणाची आहे. विपर्यास असा, की बांधावरचा आडदांड ज्या तडफेने आत जातो ती तडफ पतसंस्थेच्या खटल्यांत क्वचितच दिसते.

आता त्या बांधावरच्या माणसाचा जमाखर्च जरा जवळून पाहू. समजा, जखम गंभीर आहे, जखमी माणूस वाचला आहे, आणि न्यायालयाने आरोपीस तीन वर्षे सक्तमजुरी दिली आहे. सरकारच्या बाजूस खर्च पडतो तो पहाऱ्याचा, भाकरीचा, औषधाचा, न्यायालयाच्या फेऱ्यांच्या बंदोबस्ताचा. हा खर्च सरकारी अंदाजपत्रकात कोठेतरी नोंदलेला असतो. ज्यांची नोंद कोठेच होत नाही त्या रकमा पाहा. तीन सुग्या गेल्या. सोसायटीचे पीककर्ज थकबाकीत गेले, म्हणून पुढच्या हंगामाला नवे कर्ज नाही. म्हैस विकली. दोन एकर कोरडवाहू रान पड राहिले, किंवा भावकीतल्या त्याच माणसाने वाट्याने केले ज्याच्याशी तंटा होता. बायको रोजंदारीवर गेली, आणि त्याने भागेना तेव्हा दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळण्यासाठी शाळेतून निघाली. कैद्याला कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात हलवले असेल तर एका मुलाखतीसाठी एक दिवसाचा रोजगार बुडतो आणि एस. टी.चे भाडे वेगळे. आणि ज्याच्या डोक्यात कुऱ्हाड बसली, त्या फिर्यादीचे काय? त्याचे मिरजेच्या इस्पितळाचे बिल त्याने स्वतः भरले. दंडाच्या रकमेतून भरपाई देववण्याचा अधिकार न्यायालयास आहे, परंतु दंड हजार-दोन हजारांचा, तेव्हा भरपाईही तेवढीच. फिर्यादीचे नुकसान भरून निघाले नाही, आरोपीचे घर बुडाले, आणि या दुहेरी नुकसानीवर सरकारने वर पैसे मोजले.

आरोपीने हात जोडून जे सांगितले, की म्हातारे आईबाप, लहान पोरे, एकटा कमावता, ते म्हणजे वस्तुतः या जमाखर्चातील एकुलती एक नोंद होय जी न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचते. परंतु ती आकड्याच्या रूपाने येत नाही, करुणेच्या याचनेच्या रूपाने येते. आणि प्रत्येक आरोपी तेच म्हणतो म्हणून हळूहळू ती कानांना ऐकू येईनाशी होते. करुणेचा साठा संपतो. आकड्याचे तसे नाही. न्यायाधीशासमोर त्या घराचा सातबारा, सोसायटीचा उतारा आणि मुलांच्या शाळेचे दाखले आले असते, तर ‘कमावता मी एकटाच’ हे वाक्य दयेचा अर्ज न राहता पुरावा झाले असते.

अमेरिकेतील मिसुरी राज्याने 2010 साली या दिशेने एक पाऊल टाकले. तेथील शिक्षाविषयक आयोग न्यायाधीशांना, अमुक शिक्षा दिली तर राज्यास किती खर्च येईल, हे गुन्ह्यागणिक कळवू लागला. जबरी चोरीच्या एका प्रकारात पाच वर्षांची कडक देखरेख नऊ हजार डॉलरांच्या आत भागते, आणि तुल्य काळाचा तुरुंगवास, त्यापुढील देखरेखीसह, पन्नास हजारांवर जातो, असे ते आकडे होते. त्यावर तेथे काहूर उठले. सरकारी वकिलांनी विचारले, की बळी पडलेल्या माणसाच्या दुःखाची किंमत या तक्त्यात कोठे आहे? प्रश्न रास्त होता. परंतु त्याचे उत्तर तक्ता फाडणे हे नव्हे. त्यात आणखी एक रकाना आखणे हे आहे. शिक्षेचा हिशेब अर्धवट मांडला तर तो हिशेब न मांडण्यापेक्षाही घातक, हे मला मान्य आहे. किंबहुना आजच्या व्याख्यानात मला आग्रहाने सांगावयाचे ते एवढेच, की मांडावयाचा तर तो सर्व देणेकऱ्यांसह मांडावा.

हा विचार परकीय आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. या मुलखात आजच्या धर्तीचा तुरुंग हीच मूळची परकीय वस्तू आहे. पेशवाईच्या दप्तरांत शिक्षा म्हणून जे नाव सर्वांत अधिक आढळते ते गुन्हेगारीचे, म्हणजे दंडाचे; वादात हरणाऱ्याकडून गुन्हेगारी आणि जिंकणाऱ्याकडून हरकी, म्हणजे जिंकल्याचा नजराणा, घेण्याचा प्रघात होता, आणि रक्कम माणसाची ऐपत पाहून ठरे. बेकर यांस हे वाचून संतोष वाटला असता. परंतु दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत परगणे मक्त्याने दिले जाऊ लागले तेव्हा हाच दंड मक्तेदाराच्या उत्पन्नाची बाब बनला. ज्याला परगण्यातून पैसा उभा करावयाचा आहे त्याच्याच हाती न्याय आला की अपराध सापडत नाहीत असे होत नाही. कंपनी सरकारचा अधिकारी एल्फिन्स्टन याने 1819 सालच्या आपल्या अहवालात या पद्धतीचे दुष्परिणाम नमूद केले आहेत. ‘दंड समाजाला फुकट पडतो’ हे अर्थशास्त्राचे सूत्र, दंड वसूल करणाऱ्यास त्यातून लाभ नाही एवढ्या अटीवरच खरे असते. रस्त्यावर वाहने अडवून वसुलीचे उद्दिष्ट गाठणाऱ्या आजच्या काळात ही अट विसरून चालणार नाही.

सातारा जिल्ह्याच्या इतिहासात आणखी एक नमुना आहे, जो महाबळेश्वरास जाणाऱ्या शेकडो प्रवाशांच्या डोळ्यांखालून जातो आणि कोणास कळत नाही. तेथे ‘चायनामन्स फॉल’ नावाचा एक धबधबा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मलायाच्या बाजूच्या इंग्रजी ठाण्यांतून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी कंपनी सरकारने महाबळेश्वरच्या तुरुंगात आणून ठेवले होते, आणि त्यांच्यावरचा बंदोबस्त सैल होता. ते रस्त्यांवर काम करीत, वेताच्या टोपल्या विणीत आणि डोंगरउतारावर बटाटे व विलायती भाज्या पिकवीत. 1864 साली तो तुरुंग बंद झाला. कोठल्याही दंडशास्त्रज्ञाने आखलेला हा प्रयोग नव्हता, तो केवळ थंड हवेच्या ठिकाणी साहेबलोकांच्या जेवणात भाजी हवी म्हणून झाला. परंतु कैद्याच्या हाताला जमीन दिली तर तो तुरुंगाचा खर्च कमी करतो, एवढे त्याने दाखवून दिले.

तुरुंगच नसेल तर शिक्षा कशी करावी, या प्रश्नाशी या भूमीची गाठ 1943 ते 1946 या काळात पडली. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारचा अंमल साताऱ्याच्या खेड्यापाड्यांत चालू झाला, न्यायदान मंडळे बसू लागली, गावगुंड, जुलमी सावकार आणि पोलिसांचे खबरे त्यांच्यापुढे उभे केले जाऊ लागले. या सरकारपाशी तिजोरी नव्हती असे नाही; 7 जून 1943 रोजी शेणोलीला आगगाडी अडवून आणि 1944 च्या एप्रिलात धुळ्याचा सरकारी खजिना लुटून जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भरण्याची तजवीज केली होती. नव्हता तो तुरुंग. भूमिगतांना स्वतःलाच रात्रीगणिक गाव बदलावे लागे, ते कैदी कोठे ठेवणार? म्हणून त्यांच्या शिक्षा दंडाच्या, बहिष्काराच्या, गावासमोर फजितीच्या आणि तळपायांवर मारण्याच्या असत. शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर कठोरता अल्पकाळाची, पण सापडण्याचा संभव जबर, कारण गावात कोणी काय केले ते गावाला ठाऊक असे. दरोडे आणि गुंडगिरी यांना त्या काळात आळा बसला, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. मला या पराक्रमी माणसांविषयी अतीव आदर आहे, आणि तरीही येथे थांबून एक गोष्ट म्हटली पाहिजे. जी शिक्षा देणाऱ्याला फुकट पडते, ती देणारा हात आखडता घेत नाही. अपील नाही, वकील नाही, आणि एकदा तळपाय फुटल्यावर निकाल चुकला असे आढळले तरी परत करण्यासारखे काही उरत नाही. शिक्षा महाग असण्याचा एक उपयोग असा, की ती द्यावयापूर्वी विचार करावा लागतो.

त्याच 1943 साली, 24 जुलैला, सांगली संस्थानच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार बाहेर पडले. किल्ल्यातला तुरुंग, भिंती, खंदक, बंदुकधारी पहारा असा सारा थाट असताना ते बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव यांना हौतात्म्य आले, दादांना गोळी लागली. आणि तेथून पन्नास-साठ मैलांवर, औंध संस्थानच्या आटपाडी महालात, त्याच वर्षी खुनासारख्या गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणारी माणसे भिंतीवाचून राहत होती आणि पळून जात नव्हती. राजबंद्याची तुलना खुनी कैद्याशी करू नये हे खरे. एकाला बाहेर करावयाचे कार्य होते, दुसऱ्याला आत जगावयाचे कारण मिळाले होते. मला या ‘कारणा’विषयीच बोलावयाचे आहे.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची आठवण आज सूर्यनमस्कारांमुळे आणि औंधच्या चित्रसंग्रहामुळे राहिली आहे. परंतु 1939 साली त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपल्या प्रजेस स्वराज्याची घटना दिली, आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. पोलंडात जन्मलेले हे ज्यू अभियंते म्हैसूर सरकारच्या बंगळूर येथील विजेच्या कारखान्यात काम करण्यास आले, भारतानंद झाले, औंधात रमले, आणि पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांना त्यांनीच इंग्रजी रूप दिले. राजपुत्र अप्पासाहेब पंत यांची त्यांना साथ होती. संस्थान लहान आणि तुकड्यातुकड्यांचे. त्याच संस्थानच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसविला होता आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी नेमण्याचे धाडस केले होते. म्हणजे ज्याने घर फोडले त्याच्या हाती किल्ली देण्याची कल्पना या मातीला नवी नव्हती.

स्वतंत्रपुरात काय केले? कैद्याला साखळी नाही, भोवती कोट नाही. खोली दिली, कसायला रान दिले, आणि बायकामुलांना बरोबर राहू दिले. माणदेशाचा तो प्रदेश आपण जाणता: पाऊस थोडका आणि लहरी, जमीन मुरमाड, पिके ज्वारी-बाजरीची, आणि विहिरीला पाणी लागले तर ते टिकविण्याची यातायात. अशा जमिनीत भाजीपाला काढणे म्हणजे माणसाला दिवसभर वाकवून ठेवणे. आणि ज्या माणसाने मोटेमागे राबून वाफे हिरवे केले, तो पिकाच्या ऐन भरात पळून जात नाही. कारण पळण्याची किंमत त्याला द्यावी लागते. बायको तेथे आहे, पोर तेथे आहे, वांग्याला फूल धरले आहे. भिंतीच्या तुरुंगात कैद्यापाशी गमावण्यासारखे काही शिल्लक ठेवलेले नसते, म्हणून भिंत उंच लागते.

या वसाहतीवरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला, हे सर्वश्रुत आहे. दिग्दर्शक शांतारामबापूंनी तो 1957 साली काढला, कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर तर आटपाडीच्याच मुलखातले. बर्लिनच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले. चित्रपटाने सारे श्रेय तुरुंगाधिकाऱ्याच्या डोळ्यांना दिले, आणि कलेला तो अधिकार आहे. मी पडलो हिशेबी मनुष्य. माझे मत विहिरीच्या आणि बिऱ्हाडाच्या बाजूने पडते. मात्र त्याच चित्रपटात कैदी बाजारात भाजी वाजवी दराने विकू लागतात आणि तेथला व्यापारी त्यांच्या जिवावर उठतो, हा प्रसंग ज्याने घातला त्याला अर्थशास्त्र ठाऊक होते. कैद्याच्या श्रमाला बाजार उघडला की मुक्त माणसाचा बाजार कुरकुरतो. जगभर तुरुंगातील उद्योगांचे घोडे येथेच अडले आहे.

स्वतंत्रपुराच्या यशाविषयी बोलताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तेथे सर्वांना पाठविले जात नाही; ज्याची वर्तणूक चांगली, ज्याने शिक्षेचा काही भाग बंद कारागृहात काढला, असा निवडक सिद्धदोष बंदीच खुल्या वसाहतीत जातो. निवडून चांगले बी पेरले आणि पीक चांगले आले, तर त्याचे श्रेय सबंध जमिनीला देता येत नाही. हे मान्य केले तरी खर्चाची बाजू उरतेच: ज्या माणसाला भिंत लागत नाही त्याच्यासाठी भिंत बांधणे, हा पैसा कोणत्या जमेवर लिहावा?

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून अंमलात आली, आणि तिने शिक्षांच्या यादीत प्रथमच सामुदायिक सेवा घातली. सहा किरकोळ अपराधांना ती लागू आहे, त्यांपैकी एक म्हणजे पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी, मुद्देमाल परत केला असेल तर. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालण्यास 1860 च्या कायद्यात दहा रुपये दंड होता. त्या काळी दहा रुपये म्हणजे शेतमजुराच्या दृष्टीने मोठी रक्कम. 2024 साली त्यात एक कप चहा. दीडशेहून अधिक वर्षे हा आकडा कोणी हलविला नाही, आणि आता तो हजारावर नेला आहे, तोही काही वर्षांत चहाच्या किमतीकडे निघेल. फिनलंडने 1921 साली आणि स्वीडनने 1931 साली दंड माणसाच्या रोजच्या मिळकतीत मोजण्याची पद्धत घेतली, म्हणून तेथे भाव चढले तरी दंड मरत नाही आणि धनिकाला तो खिशातल्या सुट्ट्या पैशांतून भरता येत नाही. 2002 साली एका बड्या उद्योगाच्या अधिकाऱ्याला वेगाने मोटारसायकल हाकल्याबद्दल फिनलंडात एक लाख सोळा हजार युरो दंड झाला होता. आपल्याकडे दंड सर्वांना सारखा, आणि न भरल्यास कैद. म्हणजे हजार रुपये ज्याच्यापाशी आहेत त्याला दंडाची शिक्षा आणि नाहीत त्याला तुरुंगाची, एकाच कलमाखाली, एकाच न्यायालयात. पेशवाईतला ऐपत पाहून घेतलेला दंड या बाबतीत अधिक सुधारलेला होता, असे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

आतापर्यंत मी हिशेबाची बाजू मांडली. तो जेथे तोकडा पडतो ती जागाही सातारा जिल्ह्यात आहे. पेशवाईतील न्यायाधीश, माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील वधाबद्दल राघोबादादास देहान्त प्रायश्चित्त सांगितले, असे परंपरा सांगते. ते अंमलात येण्याचा संभव त्या दिवशी शून्य होता, हे शास्त्रीबोवांनाही दिसत होते. बेकर यांच्या गुणाकारात शून्याने गुणलेली कोणतीही कठोरता शून्यच, तेव्हा त्या निर्णयाची धास्ती शून्य, आणि म्हणून मूल्यही शून्य ठरावे. आणि तरी अडीचशे वर्षे मराठी माणूस आपल्या न्यायबुद्धीची ग्वाही म्हणून त्याच निर्णयाकडे बोट दाखवीत आला आहे. शिक्षा ही जरब बसविण्यासाठी जशी असते, तशी जे घडले ते अधर्म होते असे उघड बोलून दाखविण्यासाठीही असते. हा उच्चार किती वर्षांच्या कैदेने पुरा होतो, हे अर्थशास्त्र सांगू शकणार नाही. ते एवढेच विचारील, की उच्चार पुरा झाल्यानंतर जी वर्षे उरली ती कशासाठी आहेत?

आणि येथे एका गोष्टीने हा सारा विषयच डळमळीत होतो. 2022 सालच्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 माणसे होती, आणि त्यांतील 4,34,302, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक, न्यायाधीन बंदी होते. त्यांच्या बाबतीत शिक्षेच्या प्रमाणाविषयी कोणी कोणाला काही विचारलेले नाही; त्यांच्या सुग्या, त्यांच्या म्हशी, त्यांच्या मुलींच्या शाळा निकालाआधीच खर्ची पडत आहेत. पुष्कळदा न्यायाधीश शेवटी ‘भोगलेली कैद हीच शिक्षा’ असे लिहितात, म्हणजे शिक्षा न्यायालयाने ठरविलीच नाही, ती तारखांनी ठरविली. पहिल्याच गुन्ह्याच्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कैदेत काढला असेल तर त्यास सोडण्याची तरतूद नव्या प्रक्रिया संहितेने केली आहे. परंतु जातमुचलक्यापलीकडे जामीनदार मागितला की ज्याच्या नावावर सातबारा नाही तो आतच राहतो.

आता शिक्षा झालेल्यांकडे परत वळू. आटपाडीची वसाहत, जी आजही कारागृह खात्याकडे चालू आहे, तिची क्षमता आठ दशकांनंतरही तिसांच्या आतच का? स्वस्त आणि गुणकारी वस्तू पसरत का नाही? याचेही उत्तर अर्थशास्त्रच देते. खुल्या वसाहतीमुळे जो पैसा वाचतो तो वाचविणाऱ्या अधिकाऱ्याच्या खात्याला मिळत नाही. परंतु तेथून एक कैदी निसटला तर चौकशी त्याच अधिकाऱ्याची होते आणि बातमी पहिल्या पानावर येते. बंद तुरुंगातून बाहेर पडलेली आणि कायमची मोडलेली हजार घरे कोणत्याही पानावर येत नाहीत. न्यायाधीशाचेही तसेच, सौम्य शिक्षा दिलेल्याने पुन्हा गुन्हा केला तर ते त्याच्या नावावर, आणि कठोर शिक्षेने बुडालेले घर कोणाच्याच नावावर नाही. माणसे वाईट आहेत म्हणून हे घडत नाही. जोखीम एकाच्या माथी आणि बचत दुसऱ्याच्या तिजोरीत, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे म्हणून घडते.

ही वाटणी बदलण्यासाठी फार मोठ्या कायद्याची गरज नाही. परिवीक्षेचा कायदा 1958 पासून आहे, जिल्ह्याजिल्ह्यात परिवीक्षा अधिकारी आहेत; शिक्षेची सुनावणी चार दिवस तहकूब करून त्या अधिकाऱ्याकडून आरोपीच्या घराचा आणि फिर्यादीच्या नुकसानीचा, दोन्हींचा, लेखी अहवाल मागविता येतो, आणि निकालपत्रात त्यावर एक परिच्छेद लिहिता येतो. कारागृह खात्याने खुल्या वसाहतीतील वाचलेला पैसा त्याच वसाहतीच्या विहिरींवर आणि खोल्यांवर खर्चावा, असा ठराव करता येतो. स्वतंत्रपुरात आणखी किती बिऱ्हाडे राहू शकतील, हे सार्वजनिक बांधकाम खात्याचा शाखा अभियंता आटपाडीस जाऊन एका दुपारात मोजून देईल. त्याला तेथे पाठविण्याचा हुकूम कोणत्या कचेरीतून निघावा, एवढेच ठरावयाचे आहे.